आधी दोन वेळचं जेवण, मग काटकसर

वाचकाचं पत्र:

ताई, मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पुण्याला बीएस्सी करायला आलोय. दुसरं वर्ष चालू आहे. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन. यंदा सोयाबीनचं निम्मं पीक पावसात गेलं, उरलं त्याला चार हजारसुद्धा भाव मिळाला नाही. बाबा महिन्याला साडेचार हजार पाठवतात. भाड्याच्या खोलीतल्या कॉटचे तेवीसशे जातात, एक वेळची मेस सतराशे, मोबाइलचं रिचार्ज तीनशे. उरलेल्या दोनशेत झेरॉक्स, साबण, सगळं. रात्री चहा-बिस्किटांवर भागवतो. रविवारी संध्याकाळी तर मेस बंदच असते. गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलला उभा असताना चक्कर आली. मित्रांच्या वाढदिवसाला काँट्री द्यावी लागते म्हणून आता त्यांच्या रूमवर जायचंच टाळतो. ऑक्टोबरमध्ये परीक्षेचा फॉर्म भरायला एका अ‍ॅपवरून तीन हजारांचं कर्ज घेतलं, हातात बावीसशेच आले आणि सात दिवसांत तीन हजार मागितले. ते फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून घेतलं. घरी काही सांगितलेलं नाही. बाबा फोनवर विचारतात, पैसे पुरतात ना? मी हो म्हणतो. अजून कुठे खर्च कमी करता येईल ते सांगा. नाहीतर शिक्षण सोडून गावी जावं असं वाटायला लागलंय. नाव छापू नका.

उत्तर:

प्रिय मित्रा,

खर्च कुठे कमी करू, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कुठेच नाही. तुझा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. त्यात उधळपट्टीचा एक रुपया नाही. सिनेमा नाही, कपडे नाहीत, बाहेरचं खाणं नाही. काटकसरीनं जेवढं वाचवता येतं तेवढं तू वाचवून झालंय, आणि त्यानंतर कात्री लावली आहेस ती थेट जेवणाला. तू रोज एक वेळ उपाशी राहतोस, त्याला काटकसर म्हणायचं नाही. प्रयोगशाळेत आलेली चक्कर बहुधा त्याचीच असावी. तुझ्यापाशी येणारा पैसाच अपुरा आहे, म्हणून तो वाढवण्याचा विचार करू. माझं बहुतेक उत्तर त्याबद्दलच आहे, कारण तुझ्यासारख्या मुलांसाठी ठेवलेला पैसा आहे आणि तो तू अजून मागितलेला दिसत नाहीस.

पण आजपासून एक गोष्ट बदल. मेस दोन वेळची कर. तुझ्या आकड्यांवरून त्याला महिन्याला तेराशे-चौदाशे जास्त लागतील. पैसे उभे राहायला महिना-दोन महिने जातील, तोपर्यंतचं काय ते पुढे सांगते. मेसवाल्या काकूंना स्पष्ट सांग की या महिन्याचे जास्तीचे पैसे दोन हप्त्यांत देईन. पेठांमधल्या मेसवाल्यांनी असे विद्यार्थी वर्षानुवर्षं पाहिलेत. न सांगता बुडवणाऱ्यांना ते वैतागतात, आधी येऊन बोलणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत. खाड्याचा नियमही विचारून घे. गावी जाताना चार-पाच दिवस आधी सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी खाडा धरतात आणि तेवढे दिवस पुढे मिळतात. दिवाळीला गेलास तेव्हाचे खाडे मागितले होतेस का?

रूमवर गॅस-इंडक्शन चालत नसणार, कॉट बेसिसला ते नसतंच. त्यामुळे न शिजवता पोटात जाईल असं काहीतरी ट्रंकेत कायम ठेव. शेंगदाणे, फुटाणे, गूळ, पोहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. बिस्किटाच्या पुड्यात मैदा आणि साखर, त्यानं तासाभरापुरती भूक मरते आणि मग हातपाय गळतात. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात, कांदा-लिंबू-मीठ घालून ती तशीच खाता येते. दडपे पोह्यांनाही विस्तव लागत नाही. तुमच्याकडे धपाटे करतात ते दोन-तीन दिवस सहज टिकतात, गावाहून येताना आण. आईला सांग, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, भाजलेल्या डाळ्यांचं पीठ, गूळ हे पाठव. घरच्यांना पैसे काढणं जड जातं, पण घरात पिकलेलं किंवा घरात केलेलं द्यायला तसं जड जात नाही. रविवारच्या संध्याकाळसाठी केळी आणि हेच ठेव. तुझ्या भागात शिवभोजन केंद्र चालू असेल तर दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो. तिथल्या रांगेत उभं राहायला अजिबात संकोच करू नकोस, ते सरकारनं तुझ्यासारख्यांसाठीच सुरू केलंय.

आणि हिमोग्लोबिन तपासून घे. ससून रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा, खासगीत जायची गरज नाही. चक्कर दुसऱ्यांदा आली तर मात्र थांबू नकोस, त्याच दिवशी जा.

आता हक्काच्या पैशांबद्दल. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस, म्हणून सगळं सांगते. तुझ्यासारखी आणखीही मुलं हे वाचत असतील.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे आणि मूळ गाव सोडून बाहेर शिकतोय, अशा मुलांना भोजन, निवास आणि निर्वाह भत्त्याचे पैसे थेट खात्यात मिळतात. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये. त्यातले 32,000 जेवणाचे, 20,000 राहण्याचे, 8,000 निर्वाहाचे. इतर महापालिकांच्या शहरांत 51,000 आणि बाकीच्या जिल्ह्यांच्या ठिकाणी 43,000. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, तिच्यातही याच रकमा आहेत. इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ती इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे. तिथे जिल्ह्यामागे विद्यार्थ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून अर्ज लवकर करावा लागतो.

साठ हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला पाच हजार. बाबा पाठवतात त्यापेक्षा ही रक्कम जास्त आहे! शासनानं जेवणाचे म्हणून 32,000 धरलेत, म्हणजे महिन्याला अडीच हजारांहून जास्त. तू सतराशेत भागवतोयस. एका विद्यार्थ्याला पुण्यात जेवायला किती लागतं याचा शासनाचा अंदाजसुद्धा तुझ्या ताटापेक्षा मोठा आहे. हे सांगते ते एवढ्यासाठी, की आपण फार मागतोय असं तुला वाटू नये.

खुल्या प्रवर्गात असशील तर गावातले म्हणत असतील, आपल्याला काही मिळत नाही. तसं नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून कॉलेजच्या शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तीन एकर म्हणजे तुझे बाबा अल्पभूधारक. मात्र या योजनेत अभ्यासक्रमाप्रमाणे फरक पडतो, तेव्हा बीएस्सी त्यात बसतं का हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात सरळ विचार.

आणखी एक. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या भागातल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी दिली जाते. तशी घोषणा झाली की विद्यापीठाचं परिपत्रक निघतं आणि कॉलेजच्या फलकावर लागतं. ज्या परीक्षेच्या फॉर्मसाठी तू अ‍ॅपवरून कर्ज काढलंस, त्याचे पैसे कदाचित भरावेच लागले नसते किंवा परत मिळू शकतील. तुझा तालुका यंदाच्या यादीत आहे का ते तलाठ्याकडे विचारायला बाबांना सांग आणि परीक्षा विभागात तू स्वतः विचार.

योजना कागदावर असतात, पैसा खात्यात येईपर्यंत मुलं थकून जातात, हे मला ठाऊक आहे. अर्ज कुठे अडतात तेही बहुतेक ठरलेलं आहे. पहिली जागा आधारची. तुझं आधार ज्या बँक खात्याला जोडलंय त्याच खात्यात पैसा जातो, आणि गावाकडे पीक विम्यासाठी किंवा इतर कशासाठी काढलेलं जुनं, बंद पडलेलं खातंच जोडलेलं असतं. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे ते तपास. दुसरी जागा म्हणजे उत्पन्नाचा दाखला, तो तहसीलदारांचा लागतो आणि त्याची मुदत संपलेली नको. गावाजवळच्या आपले सरकार सेवा केंद्रातून बाबा काढून घेऊ शकतात, त्यासाठी तुला जायला नको. तिसरी, नूतनीकरण. पहिल्या वर्षी अर्ज भरला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळेल असं बरीच मुलं धरून चालतात. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी भरायचा असतो. चौथी जागा कॉलेजचं लॉगिन. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरून महिने गेले तरी तो कॉलेजकडेच पडून असतो, कारण क्लार्कनं तपासून पुढे पाठवलेलाच नसतो. लॉगिन करून पाहिलंस की अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते दिसतं. आणि मंजूर झाल्यावर तुझ्याकडून काही करायचं राहून गेलेलं नाही ना, तेही तिथेच पाहा.

कॉलेजकडे अडला असेल तर क्लार्कशी भांडू नकोस. अर्ज क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दे, चार दिवसांनी पुन्हा जा. तरीही हलला नाही तर प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिही आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घे. त्या शिक्क्यानं कामं हलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्याच अर्जात दुसऱ्या परिच्छेदात लिही की शिष्यवृत्ती येईपर्यंत राहिलेली फी हप्त्यांनी भरण्याची परवानगी मिळावी आणि विद्यार्थी सहाय्य निधीतून मदत मिळावी. असा निधी बऱ्याच कॉलेजांत असतो. कुणी मागतच नाही, म्हणून कित्येकदा तो तसाच राहतो.

हा पैसा उशिरा येतो, हे धरून चाल. म्हणून सोबत दरमहा हातात येणारं काहीतरी हवं. तुझं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असेल तर कमवा व शिका योजनेची चौकशी कर. ती विद्यार्थी विकास मंडळाकडून चालते आणि कॉलेजमधल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे तिचा फॉर्म असतो. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, प्रयोगशाळेत, कार्यालयात, बागेत काम, रोज दोन-तीन तास, तासाप्रमाणे मानधन. त्यातून श्रीमंत होणार नाहीस, पण दुसऱ्या वेळच्या मेसचा खर्च निघावा. काम कॉलेजातच असतं, म्हणून जाण्यायेण्यात वेळ आणि पैसे जात नाहीत, परीक्षेच्या दिवसांत सांभाळूनही घेतात. बाहेरच्या नोकरीत हे मिळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या बीएस्सीवाल्यानं रात्री उशिरापर्यंत डिलिव्हरी करावी या मताची मी नाही. गाडी, पेट्रोल, अपघाताचा धोका, आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला डोळे मिटतात. त्यापेक्षा आठवी ते दहावीच्या दोन-तीन मुलांना गणित-विज्ञान शिकव. शिकवण्या तोंडी ओळखीतून मिळतात. मेसवाल्या काकूंना, कॉटमालकांना, समोरच्या किराणा दुकानदाराला सांगून ठेव.

विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करणारे कर्मवीर. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना जेवू घालायला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. 1947 साली साताऱ्यात निघालेल्या शिवाजी कॉलेजात मुलं काम करून शिकली. त्याच्याही आधी याच पुण्यात कितीतरी मुलं वार लावून जेवली, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ती पुढे शिक्षक झाली, वकील झाली, संशोधक झाली. गरीब घरातल्या मुलाला शिकताना कुणाचा तरी हात लागतो, हे आपल्याकडच्या लोकांनी फार आधी ओळखलं आणि त्यासाठी संस्था उभ्या केल्या. तू मदत मागितलीस तर त्यांनी ज्यासाठी त्या उभ्या केल्या तेच होईल.

अशीच एक संस्था पुण्यात आहे, विद्यार्थी साहाय्यक समिती. डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 साली सुरू केली. ग्रामीण भागातून आलेल्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलामुलींसाठी त्यांची वसतिगृहं आहेत, खर्च बाहेरच्या कॉट-मेसच्या मानानं बराच कमी. यंदाचे प्रवेश होऊन गेले असतील. तरी आत्ताच एकदा जाऊन ये, पुढच्या वर्षी तुमच्या वर्गाला प्रवेश मिळतो का, कागद कोणते लागतात, अर्ज कधी निघतात, विचारून वहीत लिहून ठेव. शासकीय वसतिगृहाचाही अर्ज पुढच्या जूनपासून लक्ष ठेवून भर. जागा मिळाली नाही तरी तो भरलेला असावा, कारण स्वाधार, स्वयं आणि आधार या योजना वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच आहेत.

आता अ‍ॅपच्या कर्जाचं. तुझ्या पत्रातलं हे मला सगळ्यात जास्त लागलं. बावीसशे देऊन सात दिवसांत तीन हजार घेणं ही लूट आहे. एकाचं फेडायला दुसऱ्याकडून घेतलंस, आता तिसरं घेऊ नकोस. कितीही फोन येऊ देत, घ्यायचं नाही. आधी पाहा की कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का. रिझर्व्ह बँकेनं 2022 च्या सप्टेंबरमध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम काढले. कर्ज देण्याआधी एकूण व्याज-शुल्क किती हे लेखी सांगावं लागतं आणि अ‍ॅपला तुझे फोनमधले संपर्क, फोटो चाळायची मुभा नाही. नोंदणी नसलेलं अ‍ॅप असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तक्रार करता येते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपच्या संपर्क, गॅलरी, लोकेशनच्या सगळ्या परवानग्या बंद कर. धमक्या आल्या, घरच्यांना फोन करू म्हणाले, फोटो बिघडवून पाठवू म्हणाले, तर स्क्रीनशॉट काढून ठेव आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लाव. अशा धमक्यांना भिऊन मुलांनी जिवाचं बरंवाईट केल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. म्हणून हे अगदी गंभीरपणे सांगते, या गोष्टीत एकटा राहू नकोस. एखाद्या सरांना, रूममधल्या मोठ्या मुलाला, कुणाला तरी आजच सांग.

राहिलेली रक्कम ओळखीच्या माणसाकडून घेऊन एकदम मिटव. मामा, काका, गावचा नोकरीला लागलेला मित्र. मागताना तीन गोष्टी सांग, किती हवेत, कशासाठी, आणि कोणत्या महिन्यात किती परत देणार. आणि त्या तारखेला शंभर रुपये का होईना, दे.

पण मामाच्या आधी बाबांना सांगायला हवं. तुला हेच नको वाटत असणार. सोयाबीन गेलेल्या बापाला आणखी घोर कशाला, असं तुझं मन सांगतं. मी बाबांच्या बाजूनं विचार करून पाहिला. आपला मुलगा पुण्यात रात्री उपाशी झोपतो आणि आपल्याला 'पुरतात' म्हणतो, हे त्यांना पुढे कधीतरी दुसऱ्याकडून कळलं तर काय होईल? पिकाचं नुकसान ते सोसतील. हे मात्र त्यांना आयुष्यभर लागून राहील. शिवाय तू खरा आकडा सांगत नाहीस म्हणून घरातले निर्णय चुकीच्या आकड्यावर होतात. साडेचार हजारांत पोराचं भागतं, असं धरून त्यांनी कदाचित दुसरीकडे कुठे खर्चाचं ठरवलेलंही असेल.

फोनवर घाईत सांगू नकोस. रात्री जेवणं झाल्यावर, बाबा निवांत असतील तेव्हा बोल. आधी कागदावर लिही, महिन्याला काय लागतं, काय येतं, किती कमी पडतं. मग सांग की बाबा, मला जास्त पैसे मागायचे नाहीत, पण खरं सांगायचंय. आणि लगेच पुढचं सांग, मी कमवा-शिकात नाव देतोय, शिष्यवृत्तीचा अर्ज करतोय, तुम्ही मला उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा काढून द्या. त्यांच्या हाताला काहीतरी करायला दिलंस की काळजीचा भार थोडा हलका होतो. आईला चटणी-शेंगदाण्यांचं सांग. कर्जाचंही याच वेळी सांग, नंतरसाठी ठेवू नकोस. ते रागावतील, रागावू दे.

मित्रांचं फार लांबवत नाही. "या महिन्यात मला जमणार नाही, पण मी येतो," एवढं वाक्य पुरतं. काँट्री न देता केक खाणारा मुलगा प्रत्येक रूमवर असतो, आणि कुणी त्याला हाकलून देत नाही. तू जायचंच टाळतोस, म्हणून तुला काय झालंय ते त्यांनाही कळत नाही.

किरकोळ खर्चाचं थोडं. क्रमिक पुस्तकं विकत घेऊ नकोस, कॉलेजची बुक बँक वापर. नाहीच मिळालं तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात. पैसे भरून अभ्यासिका लावायची गरज नाही, कॉलेजचं वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं असतं ते पाहा. गावी जाताना ट्रॅव्हल्स टाळ, दिवाळीत त्यांचे दर दुप्पट-तिप्पट होतात. रेल्वेत विद्यार्थ्यांना मूळ गावी जाण्यासाठी स्लीपर आणि सेकंड क्लासला निम्म्या भाड्याची सवलत आहे, अनुसूचित जाती-जमातींना त्याहून जास्त. तिचा फॉर्म कॉलेजच्या कार्यालयातून सहीशिक्क्यानिशी घ्यावा लागतो. या सगळ्यातून महिन्याचे फार वाचणार नाहीत, म्हणून यात जीव अडकवू नकोस.

शेवटी शिक्षण सोडण्याबद्दल. सोडू नकोस. दुसरं वर्ष निम्मं झालंय, पदवीला दीड वर्ष उरलंय. हे सगळे अर्ज करूनही पुढच्या जूनपर्यंत मार्ग निघाला नाही, तर तिसऱ्या वर्षाला नांदेड किंवा हिंगोलीच्या कॉलेजात बदली मिळते का, श्रेयांक (क्रेडिट) जुळतात का, याची चौकशी कर. त्यात हरल्यासारखं काही नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची बीएस्सी ही बीएस्सीच आहे, आणि घराजवळ राहून दोन वेळा जेवून मिळवलेली पदवी पुण्यात उपाशीपोटी अर्धवट सोडलेल्या शिक्षणापेक्षा कितीतरी मोलाची. पण हा निर्णय जूनमधला. आत्ता, उपाशीपोटी आणि अ‍ॅपच्या फोनांच्या धास्तीत, तो घ्यायचा नाही. रात्री झोपच लागेनाशी झाली, जगणं नको वाटलं, तर 14416 वर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

सोमवारी सकाळी पहिल्यांदा विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेट, मग शिष्यवृत्ती कक्षात जा. जाताना आधार, बँकेचं पासबुक, प्रवेशाची पावती, गेल्या वर्षाची गुणपत्रिका आणि असेल तर जातीचा दाखला, यांच्या दोन-दोन झेरॉक्स घे. तिथे काय सांगितलं, कोणता कागद अडला, ते मला पुन्हा लिही. प्रवर्गही कळव, म्हणजे नेमक्या तुझ्या योजनेबद्दल पुढच्या वेळी सविस्तर सांगता येईल.

तुझी,
ताई